काळी गाडी धुतल्यावर कोरडी कशी करायची? ओरखडे का पडतात आणि ते कसे टाळायचे, संपूर्ण माहिती

घरी काळी, गडद निळी किंवा गडद लाल गाडी असेल तर आज रात्री एक छोटा प्रयोग करा. अंगणातला दिवा बंद करा, मोबाईलचा टॉर्च लावा आणि तो बोनेटपासून हातभर अंतरावर धरा. रंगात टॉर्चचं प्रतिबिंब दिसेल. त्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा दिसल्या का? त्यांना 'स्वर्ल मार्क्स' म्हणतात. हे दगड लागून पडलेले चरे नाहीत. यातले बहुतेक आपणच पाडलेले असतात, गाडी पुसताना.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, नोकरी पुण्यात, घर सोनईत. आमच्या घरातली पहिली चारचाकी दोन वर्षांपूर्वी आली. सेकंड हँड, पण काळी कुळकुळीत. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तिचं इतकं कौतुक की रोज सकाळी चहाच्या आधी जुन्या धोतराचं फडकं घेऊन गाडी पुसायची आणि रविवारी पाइप लावून धुवायची. सहा महिन्यांनी गाडी चमकण्याऐवजी धुरकट दिसायला लागली. अण्णा म्हणाले, "रोज पुसतोय तरी मळकट दिसती. रंगच हलका असंल." मग त्यांनी आणखी जोर लावून पुसायला सुरुवात केली!

पॉलिश करून घेऊ म्हणून मी गाडी नगरला (कागदोपत्री आता अहिल्यानगर) नेली. तिथल्या कारागिराने रंगाची जाडी मोजायचं मीटर लावलं. छतावर जो आकडा आला त्यापेक्षा बोनेटवरचा बराच कमी होता. आधीच्या मालकाने बोनेटला पॉलिश मारून घेतलं असावं, असा त्याचा अंदाज. तो म्हणाला, "एकदा हलकं पॉलिश करून देतो. पण पुढच्या वेळी बोनेटला मशीन लावायला सांगू नका. खाली काही शिल्लक राहणार नाही."

तेव्हा कळलं की गाडीची चमक मोजून मिळालेली असते. ती पुन्हा भरून येत नाही. म्हणून मी या विषयाचा नीट अभ्यास केला. तो आज सोप्या भाषेत मांडतो.

गाडीचा रंग म्हणजे नेमकं काय?

कंपनीतून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर साधारण चार थर असतात. सगळ्यात खाली गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग खरा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक 'क्लिअर कोट'. चारही थर मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे एका मिलिमीटरचा हजारावा भाग. झेरॉक्सचा साधा कागद जवळपास 100 मायक्रॉन जाड असतो. म्हणजे चारही थर मिळून जेमतेम कागदाएवढे!

त्यातला क्लिअर कोट साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे कागदाच्या निम्मा. चमक याच थराची, ऊन अडवण्याचं कामही याचंच आणि ओरखडेही यावरच पडतात. मशीन पॉलिश ओरखडा भरत नाही. ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट काही मायक्रॉन घासून पृष्ठभाग पुन्हा सपाट करतं. म्हणजे प्रत्येक पॉलिशला हा थर थोडा संपतो.

ओरखडा फडक्याने पडतो की धुळीने?

सुती कापड क्लिअर कोटपेक्षा कठीण नसतं. ओरखडा पाडतो तो फडक्याखाली अडकलेला धुळीचा कण.

खनिजांचा कठीणपणा 'मोह्ज' नावाच्या मापाने सांगतात. तालक 1 आणि हिरा 10. आपल्या भागातला काळा दगड म्हणजे बेसाल्ट. रस्त्यावरची खडी त्याचीच आणि तिचा चुरा धुळीत मिसळलेला असतो. बेसाल्टमधली मुख्य खनिजं साधारण 5 ते 6 कठीण. वाळूतलं क्वार्ट्झ 7. क्लिअर कोट हा शेवटी प्लास्टिकचाच प्रकार, या सगळ्यांपेक्षा कितीतरी मऊ. मोबाईलची काच पँटच्या खिशात नुसती ठेवूनही चरे पडतात ते यामुळेच. खिशातल्या वाळूचा कण काचेलाही भारी पडतो, मग गाडीच्या रंगाचं काय?

सोनईत हे रोज दिसतं. गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. शनिवारी आणि अमावस्येला शनिशिंगणापूरला जाणाऱ्या गाड्यांची भर पडते. संध्याकाळपर्यंत दारात उभ्या गाडीवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ बसते. अशा गाडीवर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे हलक्या हाताने पॉलिश पेपर फिरवणंच. (नावही बोटाने लिहू नका. त्याचेही चरे पडतात.)

मग पांढऱ्या गाडीवर ओरखडे का दिसत नाहीत?

पडतात तितकेच, दिसत नाहीत. पांढरा रंग प्रकाश सगळ्या दिशांना परत फेकतो. त्या उजेडात ओरखड्याची बारीक चमक हरवून जाते. काळा रंग बहुतेक प्रकाश शोषून घेतो. वरचा गुळगुळीत थर थोडा प्रकाश परत पाठवतो, तोही आरशासारखा एकाच दिशेने. तिथे ओरखडा आला की तो प्रकाश भलतीकडे विखुरतो आणि काळ्या पाटीवर खडूची रेघ दिसावी तसा दिसतो.

आणि रेषा गोल का दिसतात? ओरखडे खरं तर सगळ्या दिशांना असतात. पण टॉर्चच्या भोवती वर्तुळात बसणारेच प्रकाश डोळ्याकडे पाठवतात. टॉर्च हलवा, गोल रेषाही त्याच्याबरोबर हलतील.

पुसायचंच नाही असं केलं तर?

माझाही पहिला विचार हाच होता. गाडी धुवायची आणि उन्हात वाळू द्यायची. पण यात दुसरी अडचण आहे, ती म्हणजे पाणी.

बोअरच्या आणि विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. बादलीच्या कडेला, नळाच्या तोंडाला जो पांढरा थर बसतो तोच गाडीवर गोल डाग बनून बसतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500:2012) विरघळलेल्या एकूण क्षारांची, म्हणजे टीडीएसची, इष्ट मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 2,000 पर्यंत चालवून घेतात. समजा तुमच्या बोअरचा टीडीएस 1,000 आहे आणि धुतल्यावर गाडीवर पाव लिटर पाणी थेंबाथेंबाने राहिलं, तर ते वाळल्यावर पाव ग्रॅम क्षार गाडीवर चिकटले. दर रविवारी तेवढेच.

काळी गाडी उन्हात पटकन तापते. उन्हाळ्यात तिचा पत्रा 60 अंश सेल्सिअसच्याही वर जातो. अशा पत्र्यावर थेंब बघता बघता वाळतात आणि डाग पक्के बसतात. ते काढायला पुन्हा घासावं लागतं.

म्हणजे पाणी काढायचं आहे, पण घासायचं नाही. सगळी पद्धत या एका वाक्यात आहे: फडकं लावायच्या आधी जितकं पाणी निघून जाईल, तितके ओरखडे कमी.

गाडी कोरडी करण्याची पद्धत

1. वेळ आणि जागा. सकाळी ऊन चढायच्या आत किंवा संध्याकाळी, सावलीत. पालथा हात बोनेटला लावून बघा. चटका बसला तर थांबा.

2. गाडी खरंच स्वच्छ झाली का? धूळ राहिलेली गाडी पुसली तर पुढची सगळी मेहनत वाया. आधी पाण्याने धूळ सुटू द्या, मग कार शाम्पू. दोन बादल्या घ्या, एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. हातातलं मऊ फडकं आधी साध्या पाण्यात खळबळायचं आणि मगच शाम्पूत बुडवायचं. दुसऱ्या बादलीच्या तळाला बसलेली माती बघितली की फडक्यात काय अडकत होतं ते कळेल.

3. शेवटचं पाणी फवाऱ्याने मारू नका. ही सगळ्यात सोपी आणि फुकटातली युक्ती आहे. पाइपाचं नोझल काढा, पाण्याची धार मंद करा आणि पाइप छताजवळ धरून पाणी नुसतं सोडा. फवाऱ्याने हजारो थेंब तयार होतात. मंद धारेत मात्र पाणी सलग पडद्यासारखं खाली उतरतं आणि वाटेतल्या थेंबांना सोबत घेऊन जातं. आधी छत, मग काचा, बोनेट आणि शेवटी दरवाजे. बरंचसं पाणी इथेच निघून जातं. पाइप नसेल तर तांब्याने, अगदी जवळून, हळू ओता.

4. हवा. कॉम्प्युटर साफ करायला दुकानदार जो छोटा इलेक्ट्रिक ब्लोअर वापरतात तो इथे कामाला येतो. हवा रंगाला स्पर्श करते, पण घासत नाही. आरशाच्या फटी, दाराचे हँडल, नंबर प्लेट, लाइटच्या कडा, लोगो, इथलं पाणी फडक्याने निघतच नाही. नंतर ते ओघळून पुसलेल्या दारावर रेघा पाडतं. ते आधी हवेने काढा. ब्लोअर जमिनीजवळ धरू नका, तो तिथली धूळ ओढून गाडीवर मारेल. ओल्या अंगणात विजेचं काम आहे, म्हणून पायात चप्पल हवी, एक्स्टेंशन बोर्ड कोरड्या जागी हवा आणि वायर पाण्यातून जायला नको. गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाचा आणि पाण्याचा अंश येऊ शकतो, त्यामुळे तो शक्यतो टाळा.

5. आता टॉवेल. जाड मायक्रोफायबर टॉवेल किंचित ओलसर करून घ्या. अगदी कोरड्यापेक्षा असा टॉवेल पाणी पटकन ओढतो. दोन कोपरे धरून तो बोनेटवर चादरीसारखा पसरा आणि वरून हलके थोपटा. नाहीतर कोपरे धरून स्वतःकडे अलगद ओढा. जोर फक्त टॉवेलच्या वजनाचा, हाताचा नाही. गोल गोल फिरवायचं नाही. ओढायचंच झालं तर सरळ रेषेत, एकदाच.

6. खालचा भाग वेगळ्या टॉवेलने. दाराची खालची पट्टी, बंपर आणि चाकांच्या कमानी इथे सगळ्यात जास्त खर असते. या भागाचा टॉवेल वेगळ्या रंगाचा ठेवा आणि तो वर कधीच आणू नका.

7. शेवटी एक छोटी चक्कर. दारं आणि डिकी उघडून कडांमधलं पाणी टिपा. मग गाडी हळू चालवत दोन-चार वेळा हलका ब्रेक दाबा. ब्रेकच्या डिस्क कोरड्या होतात, त्यांच्यावर लालसर गंज धरत नाही.

मायक्रोफायबरच का? धोतर, बनियन, पंचा का नको?

मायक्रोफायबर म्हणजे पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडचे अतिशय बारीक तंतू, एक डेनिअरपेक्षाही कमी. म्हणजे असा 9,000 मीटर लांब तंतू घेतला तरी त्याचं वजन 1 ग्रॅमपेक्षा कमी भरेल. टॉवेलवर या तंतूंची लव उभी असते. चुकून एखादा कण राहिलाच तर तो लवेत आत जातो. धोतराचं किंवा बनियनचं कापड सपाट विणीचं. कणाला आत जायला जागाच नाही, तो कापड आणि रंग यांच्यात चिरडत पुढे सरकतो. बनियनची जाड शिवण आणि शर्टाची बटणं ही आणखी वेगळी भानगड.

टॉवेल घेताना 'जीएसएम' बघा, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. काचेसाठी 300 च्या आसपास पुरे. गाडी कोरडी करायला 500 किंवा जास्त बरा. कडेला टोचणारी शिवण नको आणि कंपनीचं लेबल आधी कापून टाका.

आणि टॉवेल सांभाळायचा असा:

- जमिनीवर पडला की त्या दिवसापुरता बाद. झटकून पुन्हा वापरू नका.
- घरच्या कपड्यांबरोबर धुवू नका. सुती कपड्यांचे तंतू त्यात अडकतात.
- लिक्विड डिटर्जंट थोडं वापरा. फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याचा थर बसला की टॉवेल पाणी ओढत नाही.
- सावलीत वाळवा, इस्त्री करू नका आणि वाळल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवा.

'9एच' कोटिंग केलं की ओरखडे पडत नाहीत?

हा गैरसमज आपल्याला मोबाईलच्या टेम्पर्ड ग्लासपासून लागलाय. पाकिटावर '9एच' दिसलं की वाटतं, 10 म्हणजे हिरा, मग हा 9 म्हणजे जवळजवळ हिराच! पण हा 9 मोह्जचा नाही, पेन्सिलचा आहे. वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिली ठरावीक कोनात आणि दाबाने पृष्ठभागावर ओढून बघतात. 9एच ही त्यातली सगळ्यात कठीण पेन्सिल. तिने चरा पडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. पेन्सिलचं शिसं म्हणजे ग्राफाइट आणि चिकणमाती. खडीच्या चुऱ्यापुढे ती परीक्षा सोपीच.

म्हणजे सिरॅमिक कोटिंग निरुपयोगी का? तसंही नाही. त्यावरून पाणी पटकन घरंगळतं, त्यामुळे पुसावं कमी लागतं. फायदा आहे तो इथे. पण कोटिंग केलंय म्हणून धुळीच्या गाडीवर फडकं मारलं तर ओरखडे पडणारच.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पाण्याची टंचाई असताना गाडी धुवावी का? आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न खरा आहे. एक बादली पाइपाखाली लावा आणि किती सेकंदात भरते ते मोबाईलवर मोजा. 15 लिटरची बादली एका मिनिटात भरली, तर दहा मिनिटं पाइप चालू ठेवणं म्हणजे 150 लिटर. टँकर येत असेल तेव्हा फक्त काचा, आरसे, लाइट आणि नंबर प्लेट स्वच्छ करा, सुरक्षेसाठी तेवढं पुरे. बाकी गाडी मळकी राहू द्या. मळकी गाडी धुता येते. कोरड्या फडक्याने खराब झालेली पुन्हा तशी होत नाही.

शेवटचा हात कोणत्या पाण्याने? पावसाळ्यात पहिले एक-दोन पाऊस जाऊ द्या, मग पागोळीचं पाणी धरा. त्यात क्षार फार कमी असतात. एसीतून ठिबकणारं पाणीही तसंच, मात्र ते स्वच्छ भांड्यात धरून गाळून घ्या. वॉटर प्युरिफायरच्या आरओमधून बाहेर जाणारं पाणी मात्र वापरू नका. गाळून काढलेले क्षार त्यातच असतात. ते फरशीला ठीक, काळ्या गाडीला नाही.

पाण्याचे डाग पडलेच तर? ताजे असतील तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकंच पाणी मिसळून, गार पत्र्यावर, ओल्या मायक्रोफायबरने मिनिटभर ठेवा आणि भरपूर पाण्याने धुऊन टाका. नखाने खरवडू नका.

कव्हर घातलं तर धूळ बसणार नाही ना? धुळीच्या गाडीवर कव्हर घातलं आणि वारा सुटला की कव्हर हेच फडकं होतं. कव्हर फक्त धुतलेल्या, कोरड्या गाडीवर.

ओरखडा किती खोल आहे हे कसं ओळखायचं? नख त्यावरून आडवं, अलगद न्या. अडकलं नाही तर तो वरवरचा असण्याची शक्यता जास्त. अडकलं तर पॉलिशने जाईल असं धरून चालू नका. आधी जाडी मोजून घ्या.

शेवटी अण्णांचं काय झालं?

हे सगळं अण्णांना सांगणं सोपं नव्हतं. दीड वर्ष ज्याला ते सेवा समजत होते, त्यानेच गाडी खराब झाली असं कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून मी सांगितलं नाही. रात्री त्यांना अंगणात नेलं आणि टॉर्च त्यांच्याच हातात दिला. आधी बोनेट बघितलं. मग डिकीच्या आतली कड बघितली, जिथे त्यांचं फडकं कधी पोचलं नव्हतं. तिथला काळा रंग अजून पाण्यासारखा होता. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मीच घासलं म्हण की."

आता धोतराचं फडकं सायकलला असतं. गाडी पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी सात वाजता, दोन बादल्यांमध्ये. ब्लोअर अण्णांच्या हातात आणि टॉवेल माझ्या. रोज सकाळी ते अजूनही चहाआधी गाडीपाशी जातात. फक्त काच धुतात आणि परत येतात. बोनेटवर जुने काही चरे राहिलेत, ते तसेच राहतील. नवे पडलेत का, हे महिन्यातून एकदा ते स्वतः टॉर्च लावून बघतात.

तुम्हीही आज रात्री बघा. आणि बोनेट बघून झालं की डिकीची आतली कडही बघा. तुमच्या गाडीचा मूळ रंग तिथे अजून असेल.